निळ्या फितीचं पदक

गॉस्पोर्टात बार्नबी लस्कम यांना न ओळखणारा माणूस दिवा घेऊन शोधावा लागला असता. वय बावन्न, निवृत्त कमांडर, बंदरापलीकडच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. चालताना पाय अजून फाकवून टाकायचे, फरसबंदी कधी एका अंगाला कलंडेल याचा नेम नाही म्हणून. आणि सणावाराला छातीवर पाच पदकं. क्रिमियाचं, त्यावर ‘अझॉफ’ची चांदीची पट्टी. तुर्कांच्या सुलतानाचं. चीनचं, कँटन आणि टाकू अशा दोन पट्ट्यांचं. अशांटीचं, जिथून आपण फक्त हिवताप घेऊन आलो असं ते स्वतःच सांगत. आणि पाचवं आकाशी निळ्या फितीचं, सार्डिनियाच्या राजानं दिलेलं.

यातली मेख अशी की पहिली चार जहाजावर हजर असलेल्या सगळ्यांना मिळाली होती, कप्तानापासून स्वयंपाक्यापर्यंत. निळ्या फितीचं मात्र निवडून, नाव घेऊन, काय पराक्रम केला ते लिहून दिलेलं. गॉस्पोर्टात तसं दुसरं नव्हतंच. त्याबद्दल कुणी विचारलं की लस्कम साहेब म्हणत, “जुनी गोष्ट आहे हो,” आणि वाऱ्याची दिशा कशी आहे त्यावर बोलायला लागत. लोक म्हणत, काय नम्र माणूस! नम्रता कसली डोंबलाची. त्या पदकाचं नाव निघालेलंच या माणसाला नको असायचं.

राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तो जून महिना. बंदराबाहेर जहाजांची दाटी, गावभर निशाणं. त्या शनिवारी दुपारी खलाशांच्या चॅपेलचे पाद्री ओकशॉट घाम पुसत लस्कम यांच्याकडे आले. चांगला माणूस, पण गप्प बसणं त्यांच्या गावी नव्हतं.

“कमांडर, ही आठ नावं,” त्यांनी कागद टेबलावर पसरला. “अझॉफच्या समुद्रात तुमच्या पेरेग्रीन जहाजाची जी माणसं लढताना पडली, त्यांची. जहाजाच्या जुन्या वहीवरून उतरवून आणलीत. उद्या प्रार्थनेनंतर मी मोठ्यानं वाचणार आणि परवा कारागीर पितळेच्या पाटीवर कोरायला घेणार. त्या जहाजावरचे अधिकारी म्हणून आता तुम्हीच तेवढे उरलात. खाली सही ठोका, की मी सुटलो.”

लस्कमनी कागद वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला.

“चॅलिसचं नाव नाही.”

पाद्रीबुवांनी घसा साफ केला. “नाही. वहीत त्यांच्यापुढं वेगळंच लिहिलंय. तापाच्या भरात समुद्रात उडी घेतली म्हणून. मी कुणाला नावं ठेवत नाही हो, पण पाटी लढाईत पडलेल्यांची आहे. मिस चॅलिस बिचाऱ्या दोनदा येऊन गेल्या. एकुलता भाऊ. मी काय करू? वहीपुढं माझं काय चालणार?”

“सही उद्या देतो,” लस्कम म्हणाले.

“उद्या दिलीत तरी चालेल. अहो, आणि आनंदाची बातमी राहिलीच! पराक्रमाच्या त्या दिवशी तुमच्या होडीवर सुकाणूला तांडेल होता ना, जाबेझ वॉनाकॉट? त्याला पत्र घालून बोलावून घेतलंय. चारच्या होडीनं उतरतोय. बत्तीस वर्षांनी भेटणार तुम्ही!”

आनंदाची बातमी! पाद्रीबुवा गेले आणि लस्कम खुर्चीत बसले ते बसलेच.

त्याचं कारण समजायला पेरेग्रीनवरची एक पद्धत माहीत हवी. लस्कम आणि नेड चॅलिस दोघंही मेट, म्हणजे लेफ्टनंट होण्याच्या उंबरठ्यावर ताटकळलेले विशीतले पोरगे. मेट लोक एकमेकांची पाळी करत. एखाद्याला बरं नसलं, झोप अनावर झाली, की दुसरा मुकाट त्याच्या जागी उभा राहायचा. वर सांगायचं नाही, वहीत लिहायचं नाही. वरच्यांना कळलं तरी तेही काणाडोळा करत, कारण मेट असताना त्यांनीही तेच केलेलं. ही गोष्ट बाहेर फोडणारा त्यांच्यात सगळ्यात नीच.

अठराशे पंचावन्न सालच्या उन्हाळ्यात पेरेग्रीन अझॉफच्या समुद्रात होतं. किनाऱ्यावर रशियनांच्या धान्याच्या गंजी, आणि पहाटे होड्या घालून त्या पेटवायच्या असा हुकूम. दुसऱ्या होडीवर मेट म्हणून लस्कमचं नाव लागलं. आणि आदल्या दिवशी दुपारी लस्कमला ताप भरला. असा की दात वाजायला लागले.

“डॉक्टरकडे जातो,” तो नेडला म्हणाला.

“जा, आणि जन्मभर मेट राहा,” नेड म्हणाला. “लढाईच्या आदल्या दिवशी आजारी पडलेला मेट! पुढची दहा वर्षं हसतील लेका तुला. तू माझ्या टांगत्या झोळीत झोपून राहा. तुझी पाळी मी करतो.”

“आणि तू कुठं आहेस असं विचारलं तर?”

“मीच आजारी! चॅलिसला ताप आलाय म्हणून डॉक्टरच्या माणसाला सांगून टाकतो. त्याला तोंडं कुठं ओळखू येतात, तो झोळीवरचा नंबर बघून लिहितो.”

नेडनं खरंच स्वतःचं नाव आजाऱ्यांत लिहवलं, लस्कमची टोपी डोक्यावर घातली आणि पहाटेच्या धुक्यात होडीत उतरला. जाबेझ तांडेलानं पाहिलं की लस्कमच्या जागी चॅलिस आलाय. काही बोलला नाही, वल्ह्यांवरची माणसंही बोलली नाहीत. तीच पद्धत.

त्या सकाळी गंजी पेटल्या. गोळ्या चालू असताना एक मेट मशाल घेऊन एकटा पुढं धावला आणि त्यानं तीन गंजींना आग लावली, हे लांबच्या होडीतून लेफ्टनंटनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. परतताना दुसरी होडी लाटांत उलटली. बाकीच्यांना ओढून काढलं, तो मेट काही हाती लागला नाही.

“मेट कुठं आहे?” जहाजावर आल्यावर लेफ्टनंटनं विचारलं. जाबेझच्या मनात आलं, खरं सांगावं तर लढाईत जागा सोडली म्हणून जिवंत पोरगा फाशीच्या तोंडी जाईल. तो म्हणाला, “लस्कम साहेब जहाजावर आहेत, सर.” शब्दागणिक खरं. मग खाली जाऊन त्यानं बेशुद्ध लस्कमला उचललं आणि त्याच्या स्वतःच्या झोळीत टाकलं. दुसऱ्या सकाळी चॅलिसची झोळी रिकामी दिसली. त्या आठवड्यात तापानं भ्रमलेल्या दोघांनी आधीच तोफांच्या खिडकीतून उड्या घेतल्या होत्या. हा तिसरा, असं डॉक्टरनं लिहून टाकलं.

लस्कम तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला तेव्हा कप्तान त्याचा हात धरून बसला होता. “शाब्बास, लस्कम. खलित्यात तुझं नाव धाडलंय.” जीभ कोरडी पडलेली, डोकं फुटत होतं. तो म्हणाला, “सर...” आणि कप्तान म्हणाला, “बोलू नकोस, विश्रांती घे.”

त्यानं तेच केलं. आधी अशक्तपणा, मग भीती, मग लेफ्टनंटची बढती, मग निळ्या फितीचं पदक. त्या बढतीवर चीनची नेमणूक, चीनवरून पुढचं जहाज. एका दगडावर सगळं घर उभं राहिलं, आणि तो दगड नेडचा. कँटनला तो खरोखर शूरासारखा लढला हो, टाकूच्या चिखलात कमरेइतका रुतून त्यानं दोन माणसं ओढून काढली, हे खोटं नाही. पण तिथंही मनात एकच, की हे तरी माझं असू दे.

निवृत्तीनंतर त्यानं मुद्दाम गॉस्पोर्ट निवडलं, कारण नेडची आई आणि बहीण डॉर्कस इथं राहत. आईला वहीतली ती ओळ कळली होती. शेजारच्या बायका तोंडावर गोड बोलत आणि मागं कुजबुजत, “ताप कसला, आपणहून घेतली असेल उडी.” म्हातारी बंदराकडे जायचीच बंद झाली. मरताना तिनं लस्कमचा हात धरून विचारलं होतं, “खरं सांगा, त्यानं आपणहून नाही ना उडी घेतली?” लस्कम म्हणाला, “नाही आई, ताप होता तो.” तेवढंच. डॉर्कसला लग्नाचं विचारायला तो दोनदा गेला आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून परत आला. कोणत्या तोंडानं विचारणार?

तर चारची होडी लागली. जाबेझ वॉनाकॉट काठी टेकत उतरला, सत्तरीचा, तोंडात तीन दात, पण खांदे अजून दाराएवढे. लस्कम त्याला बंदरावरच्या बाकावर घेऊन बसले. जाबेझनं शिंपल्यांची पुडी सोडली आणि एकेक तोंडात टाकायला सुरुवात केली. लस्कमना घामानं कॉलर चिकटत होती.

“काय बोलणार आहेस उद्या?” त्यांनी शेवटी विचारलं.

“मी?” जाबेझनं पुडी पुढं केली. “घ्या ना साहेब, ताजे आहेत.”

“जाबेझ!”

“ओरडता कशाला? मी कशाला बोलू? बत्तीस वर्षं बोललो नाही, आता काय वाचा फुटणार आहे? ती तुम्हा मेट लोकांची आपापसातली गोष्ट. सोबत कबरीत घेऊन जाईन. तुम्ही खुशाल सही करा.”

झालं की! लस्कमना हायसं वाटायला हवं होतं. अर्धा मिनिट वाटलंही, खोटं कशाला बोला. सुटलो, असं मनात आलं. आणि पुढच्याच क्षणाला अंगावर काटा आला, कारण आता दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय उरली नव्हती. जाबेझ फोडेल म्हणून बत्तीस वर्षं ज्याची धास्ती घेतली, तो फोडणार नव्हता. उद्या त्या कागदावर सही पडली की नेड पितळेवर कायमचा पुसला जाणार, आणि पुसणारा हात कुणाचा असेल तर लस्कमचा.

“तू शिंपले खा,” ते उठले. “मला चहाला जायचंय.”

डॉर्कस चॅलिस लहान मुलींची शाळा चालवत असे. शनिवारी पाच वाजता लस्कम चहाला येत, बारा वर्षांचा पायंडा. त्या दिवशी तिनं टोस्ट भाजला होता, लोण्याची बशी ठेवली होती, पण डोळे लाल होते.

“ओकशॉट येऊन गेले,” ती म्हणाली. “सही झाली का तुमची?”

“नाही.”

“करून टाका. उगाच माझ्यासाठी अडवून धरू नका. वहीत आहे ते आहे.”

“वहीत आहे ते खोटं आहे.”

तिच्या हातातली किटली थांबली. लस्कम उभे राहिले. बसून सांगवेना. खिडकीकडे पाठ करून त्यांनी सगळं सांगितलं, झोळी, टोपी, मशाल, होडी, कप्तानाचा हात. एकही शब्द गाळला नाही.  रस्त्यावर कुणीतरी पिपाणी वाजवत जात होतं.

“तो उडी मारून गेला नाही,” डॉर्कस म्हणाली.

“नाही.”

“गंजी त्यानं पेटवल्या.”

“हो.”

“आईनं तुम्हाला विचारलं तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं.”

“हो, डॉर्कस.”

“मिस चॅलिस म्हणा!” तिनं किटली अशी आपटली की टेबलक्लॉथवर चहा पसरला. “तुम्ही माझ्या आईचा हात धरून बसलात! तिला मान वर करून मरता आलं असतं. एक वाक्य, फक्त एक वाक्य! आणि दर शनिवारी इथं बसून माझा टोस्ट खाताय! मी सगळ्या गावाला सांगत फिरले, कमांडर लस्कम म्हणजे देवमाणूस, नेडचा मित्र. मित्र! लाज कशी वाटली नाही हो तुम्हाला?”

“वाटली,” लस्कम म्हणाले. “रोज वाटली. तिचा काही उपयोग झाला नाही.”

ती रडली नाही. हुंदका आला तो तिनं रुमालात दाबला आणि भिंतीकडे तोंड केलं. लस्कमनी टोपी उचलली. “उद्या चॅपेलमध्ये उभा राहून सांगतो सगळं. पदकं न लावताच येतो. ती आता...”

“अजिबात नाही!” ती गर्रकन वळली. “माहीत आहेत मला तुमची ही सोंगं. साध्या कोटात, मान खाली घालून याल, आणि सगळे म्हणतील, बिचारा म्हातारा. पाचही पदकं लावायची. निळ्या फितीचं सगळ्यात वर. लोकांना बघू दे तुम्ही काय लावून फिरत होता ते. आणि आता जा.”

ते गेले. त्या रात्री त्यांना झोप लागली की नाही ते विचारू नका.

रविवारी चॅपेल खच्चून भरलेलं. पुढच्या रांगेत अधिकारी, त्यांच्या बायका, मागं खलाशी आणि पेन्शनर. लस्कम पाच पदकं लावून आपल्या नेहमीच्या जागी बसले. त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबून धरले. डॉर्कस पलीकडच्या बाकावर काळ्या टोपीत ताठ बसली होती. तिनं एकदाही इकडे पाहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर शेवटच्या घटकेपर्यंत लस्कम मनात पळवाट शोधत होते. पाद्रीबुवांना नंतर एकट्याला सांगितलं तर? पत्र लिहून दिलं तर? हेही बोलणंच की.

ओकशॉट वाचायला लागले. एक नाव, दोन नावं. प्रत्येक नावाला मागं कुणाचा तरी उसासा ऐकू येत होता. सात. आठ. पाद्रीबुवांनी कागद घडी करायला घेतला.

लस्कम उभे राहिले.

“एक नाव राहिलंय.”

“कमांडर, ते आपण नंतर...”

“नाही. आत्ता.” चीनच्या किनाऱ्यावर तोफांच्या वर जायचा तो आवाज त्यांनी कितीतरी वर्षांनी काढला होता. “एडवर्ड चॅलिस, मेट. त्यानं उडी घेतली नाही. त्या पहाटे दुसऱ्या होडीवर तो होता, माझ्या जागी. गंजी त्यानं पेटवल्या. तो परत येताना बुडाला. मी त्याच्या झोळीत तापानं पडलो होतो, आणि त्याच्या पराक्रमाचं पदक बत्तीस वर्षं मी लावलं. हे, हे पदक.” त्यांनी बोट ठेवलं. “मी कुणाला सांगितलं नाही. त्याच्या आईलासुद्धा नाही.”

मग कुजबुज सुटली, वारूळ फुटावं तशी. पुढच्या रांगेतल्या एका निवृत्त कप्तानानं तोंड फिरवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “शरम आहे.” कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, बसवा त्याला. लस्कम बसले नाहीत.

तेवढ्यात मागं काठी आपटल्याचा आवाज झाला. “डोकंबिकं काही फिरलेलं नाही!” जाबेझ वॉनाकॉट ओरडला. “मी तांडेल होतो त्या होडीवर. चॅलिस साहेबच होते. माझ्या या हातातून निसटले ते.”

ओकशॉटनी घडी केलेला कागद उलगडला, खिशातून पेन्सिल काढली आणि आठव्या नावाखाली नववं लिहिलं. मग त्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

प्रार्थना संपली. माणसं लस्कमना वळसा घालून बाहेर पडत होती. रोज टोपी काढणारा होडीवालासुद्धा खाली बघत गेला. लस्कम पायऱ्या उतरून कुंपणापाशी आले तेव्हा डॉर्कस जाबेझसमोर उभी होती.

“मिस्टर वॉनाकॉट, तुम्ही त्याच्याबरोबर होता.”

“होतो, बाई. शेवटपर्यंत.”

“मग सांगा. पहिल्यापासून सांगा. तो होडीत उतरला तिथपासून.”

ही गोष्ट आता जगात एकाच माणसाला माहीत होती, आणि लस्कमनी ती जाबेझला कधी विचारली नव्हती. विचारायची तर कबूल करावं लागलं असतं. नेड होडीत काय बोलला, घाबरला का, हसला का, पाण्यात जाताना कुणाला हाक मारली का, यातलं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते एक पाऊल पुढं सरकले.

डॉर्कसनं मागं वळून पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काल होता तो राग नव्हता, दुसरंच काही होतं, जास्त थकलेलं.

“तुम्ही नका येऊ, कमांडर,” ती म्हणाली. “हे मला एकटीला ऐकू दे.”

लस्कम कुंपणापाशीच थांबले. ती दोघं समुद्राच्या भिंतीच्या कडेनं हळूहळू निघाली. म्हातारा काठी हवेत फिरवून काहीतरी दाखवत होता, वल्ही मारल्यासारखे हात करत होता. मध्येच तो थांबला, डोक्यावरची टोपी तिरकी करून त्यानं कुणाची तरी नक्कल केली, आणि डॉर्कस चॅलिस भर रस्त्यात तोंडावर हात ठेवून हसली. मग तिथंच भिंतीवर बसून रडायला लागली. जाबेझ शेजारी बसला आणि पुढचं सांगत राहिला. वारा समुद्राकडचा होता, तरी एवढ्या लांबून लस्कमना त्यातलं काही ऐकू आलं नाही.